महिन्याला दोन फेऱ्या : साताऱ्यातील एका हौशी गोल्फ खेळाडूचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील खेळाडूंना मी इथे 'आबा' म्हणणार आहे. त्यांचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खेळाची आकडेवारी मात्र आमच्या वहीत आहे तशीच दिली आहे. आबांचे वय प्रकरणाच्या सुरुवातीला 51 होते. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा वाहनांचे सुटे भाग कातून देणारा छोटा कारखाना आहे आणि कोरेगाव रस्त्याला थोरल्या भावासोबत वडिलोपार्जित शेती आहे. वयाच्या 43व्या वर्षी पुण्यातील एका ग्राहक कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर ते पहिल्यांदा गोल्फच्या मैदानावर गेले आणि त्या खेळाने त्यांना जे धरले ते आजतागायत सोडलेले नाही. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि रोज पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्यांत आबांची व माझी ओळख झाली, एवढाच माझा या प्रकरणाशी आरंभीचा संबंध.

साताऱ्यात राहून आबांना नियमित खेळता येईल असे अठरा होलचे, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांचे, मैदान पुण्यातच होते. अंतर सुमारे 110 किलोमीटर. सकाळी सातची वेळ मिळाली असेल तर साडेचारला घर सोडायचे, आनेवाडीचा नाका, खंबाटकीचा घाट आणि खेड शिवापूर पार करून उजाडता उजाडता मैदानावर पोहोचायचे, खेळून दुपारी परत निघायचे आणि संध्याकाळी कारखान्यात हजर व्हायचे, असा तो दिवस असे. महिन्याला दोनपेक्षा जास्त फेऱ्या त्यांना कधीच जमल्या नाहीत आणि पावसाळ्याचे चार महिने तर जवळजवळ कोरडे जात. पुण्यातला खेळाडू कामावरून घरी जाताना अर्धा तास चेंडू मारून जाऊ शकतो. आबांना ती सोय नव्हती. हौशी खेळाडूंसाठी दिला जाणारा बहुतेक सल्ला मैदान जवळ आहे असे गृहीत धरून दिलेला असतो. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

अडचण

ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ पोहोचली आणि एका फटक्याने कांस्यपदक हुकून चौथी आली. त्याच स्पर्धेत पुण्याचा उदयन माने हाही भारताकडून खेळला. ती शेवटची फेरी आबांनी पहाटेपासून पाहिली. फार लांब न मारणारी खेळाडू केवळ अचूकपणा आणि पटिंग (होलजवळच्या आखूड गवतावरून चेंडू घरंगळवत होलमध्ये घालणे) यांच्या बळावर जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंशी बरोबरी करते, हे पाहून आपणही एका फेरीत नव्वद फटक्यांच्या आत का येऊ शकत नाही, असा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी चार भिंतींच्या स्मारकापाशी मला विचारला.

पार 72 च्या, म्हणजे अठरा होल 72 फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या, मैदानावर आबांची सरासरी तेव्हा 97-98 च्या आसपास होती आणि गेली तीन वर्षे ती हललेली नव्हती. त्यांचा हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा (जितका कमी तितका चांगला), 22.6 होता. ज्यांना ही पद्धत परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत खेळाडूच्या शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या 8 फेऱ्यांची सरासरी धरतात, आणि ती काढताना नुसती फटक्यांची संख्या न घेता मैदानाच्या अवघडपणानुसार दुरुस्त केलेला फरक घेतात. मैदानाचे रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) 71.2 आणि स्लोप (साधारण खेळाडूला ते किती जास्त अवघड जाते याचे माप, 113 हे प्रमाण धरून) 125 असेल तर 99 फटक्यांच्या फेरीतून 71.2 वजा करायचे आणि उरलेल्या 27.8 ला 113 भागिले 125 ने गुणायचे, उत्तर 25.1 येते. अशा मैदानावर 22.6 इंडेक्सच्या खेळाडूला 24 फटक्यांची सवलत मिळते. म्हणजे प्रत्येक होलला एक जादा फटका आणि सर्वांत अवघड सहा होलना दोन. हा हिशेब पुढे एका निर्णयाच्या वेळी महत्त्वाचा ठरणार आहे.

आबांच्या मते त्यांची अडचण एकच होती. ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने, म्हणजे काठीने) मारलेला चेंडू उजवीकडे वळत जातो, त्यामुळे अंतरही कमी पडते आणि चेंडूही हरवतो, आणि हा दोष गेला की बाकी सारे आपोआप सुधारेल, असे ते ठामपणे सांगत.

पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

पहिला निर्णय मोजमाप न करता घेतला गेला. जानेवारी 2022 मध्ये आबांनी पुण्यातील एका प्रशिक्षकाकडे जायला सुरुवात केली. प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी दोष बरोबर ओळखला. चेंडू कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः टक्कर होताना क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, कुठे पाहतो यावर ठरते, आणि तो किती वळणार हे चेहरा आणि क्लबची वाट यांच्यातील फरकावर ठरते. आबांचा डावा हात दांड्यावर फार डावीकडे फिरलेला होता, त्यामुळे चेहरा उघडा राहत होता. प्रशिक्षकांनी पकड बदलून दिली आणि रोज चाळीस चेंडू, प्रत्येक चेंडूनंतर थांबून, एवढाच सराव सांगितला.

आबांनी कारखान्याच्या शेडमध्ये जाळी बांधली, खाली काँक्रीटवर कृत्रिम गवताची चटई टाकली आणि रात्रपाळीचे कामगार आले की रोज अडीचशे-तीनशे चेंडू मारायला लागले. इथे दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या. जाळी तीन मीटरवर असल्यामुळे चेंडू पुढे कुठे गेला असता ते कळत नव्हते, म्हणून त्यांनी पकडीबरोबर खांदे, कंबर, पाय असे एकेक बदलायला सुरुवात केली आणि कोणत्या बदलाने काय झाले याचा पत्ता राहिला नाही. दुसरी गोष्ट शरीराची. मातीवर क्लब जमिनीत थोडा शिरतो. काँक्रीटवरच्या चटईवर तो आपटतो आणि धक्का मनगटातून कोपरापर्यंत जातो. एप्रिलमध्ये उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला वेदना सुरू झाली आणि मे महिन्यात चहाचा कप उचलणेही जड जाऊ लागले. अस्थिरोगतज्ज्ञांनी सात आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. त्याआधीच्या शेवटच्या तीन फेऱ्यांची सरासरी 104 होती.

प्रशिक्षकांनी दिलेला सल्ला योग्य होता आणि तो पाळला गेला नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. कष्टाळू माणसाला कमी सराव करायला सांगितलेले पटत नाही. आबांनी कारखाना रात्रंदिवस राबून उभा केला आहे, आणि त्या सवयीनेच त्यांना इथे अडचणीत आणले.

मोजणी

पावसाळ्यात हात गळ्यात बांधलेला असताना एके सकाळी आबा मला कारखान्यातील रिजेक्शन रजिस्टर दाखवत होते. नाकारलेल्या प्रत्येक जॉबपुढे कारण लिहिलेले होते: व्यास जास्त, आटे खराब, पृष्ठभागावर ओरखडा. महिन्याच्या शेवटी कारणांची बेरीज होते आणि ज्या कारणाने सर्वांत जास्त माल गेला त्यावर आधी काम होते. मी त्यांना विचारले, "आबा, तुमच्या गोल्फचे असे रजिस्टर आहे का?" ते काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्याकडे आठ वर्षांची स्कोअरकार्डे होती, पण एखाद्या होलला 7 फटके लागले एवढेच त्यावर होते, ते का लागले हे कुठेच नव्हते.

ऑक्टोबर 2022 ते फेब्रुवारी 2023 या पाच महिन्यांत आबा दहा फेऱ्या खेळले आणि मैदानाच्या परवानगीने दहाही वेळा मी वही घेऊन त्यांच्याबरोबर चाललो. या काळात खेळात काहीही मुद्दाम बदलायचे नाही असे आधी ठरवले होते. प्रत्येक होलला टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) कोणता क्लब घेतला आणि चेंडू कुठे पडला, दंडाचे फटके किती, ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड गवताच्या) दिशेने मारलेला फटका आखूड पडला की लांब, डावीकडे की उजवीकडे, ग्रीनच्या तीस यार्डांच्या आतून ग्रीनवर यायला किती फटके, आणि पहिला पट (पटिंगचा फटका) किती पावलांवरून होता, एवढेच लिहायचे. एका होलला एक ओळ पुरत असे.

दहा फेऱ्यांची सरासरी 99.2 आली. दंडामुळे आणि हरवलेल्या चेंडूंमुळे फेरीमागे 6.5 फटके जात होते, त्यामुळे आबांचा ड्रायव्हरवरचा राग अर्धा खरा ठरला. पण त्यांतील चारहून अधिक फटके त्याच त्या चार होलवर गेले होते, जिथे उजवीकडे हद्दीची भिंत किंवा दाट झाडी आहे. उरलेल्या मोकळ्या होलवर तोच ड्रायव्हर, तोच उजवीकडे वळणारा चेंडू, आणि नुकसान जवळजवळ नाही. पटांची संख्या फेरीला 37 होती आणि चारपेक्षा जास्त ग्रीनवर तीन पट लागत होते. सर्वांत मोठे आश्चर्य मात्र तिसऱ्या रकान्यात निघाले. ग्रीन आवाक्यात असताना मारलेल्या 118 फटक्यांपैकी 79 आखूड पडले होते आणि फक्त 9 ग्रीनच्या पलीकडे गेले होते.

ही गोष्ट त्यांचा कॅडी, म्हणजे क्लबांची पिशवी वाहणारा साहाय्यक, दोन वर्षे सांगत होता. क्लबचा नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो. "साहेब, सात नको, सहा नंबर घ्या," हे वाक्य मी स्वतः त्या दहा फेऱ्यांत किती वेळा ऐकले याची नोंद ठेवली नाही, याची आज खंत वाटते. आबांचे उत्तर ठरलेले असे: "सात नंबर माझा दीडशे जातो."

समोरचे पर्याय

मार्च 2023 च्या सुरुवातीला चार वाटा होत्या. नवीन ड्रायव्हर घेणे ही पहिली, आणि आबांच्या खेळाडू मित्रांचा एकमुखी आग्रह तिच्यासाठीच होता. मोजणीनंतर तो पर्याय आपोआप मागे पडला, कारण ड्रायव्हर लागणाऱ्या चौदा टींपैकी दहांवर जुन्या ड्रायव्हरने काहीच बिघडवलेले नव्हते. दुसरी वाट पुन्हा प्रशिक्षकाकडे जाऊन संपूर्ण फटका नव्याने बांधण्याची. ती वाईट नव्हती, पण आठवड्याला एकदा पुण्याला जाणे आणि मध्ये देखरेखीशिवाय सराव करणे यातून मागच्या वर्षी काय झाले ते समोर होते.

तिसरी वाट म्हणजे सगळा वेळ ग्रीनजवळच्या खेळाला द्यायचा. जुने खेळाडू हाच सल्ला देतात. इथे मी सावध होतो. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवले आहे की चांगल्या आणि साधारण खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत असतो. पट आणि चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका) यांनीच गोल्फ जिंकतात हा समज त्यामुळे डळमळीत झाला. परंतु ब्रॉडींचा निष्कर्ष समूहाचा आहे आणि आमच्यासमोर एक माणूस होता, ज्याला फेरीला चार वेळा तीन पट लागत होते. समूहाची सरासरी एका माणसावर जशीच्या तशी लादू नये, हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले आहे. त्यामुळे ही वाट पूर्ण स्वीकारली नाही आणि पूर्ण सोडलीही नाही.

चौथी वाट निवडली गेली. फटका आहे तसा ठेवायचा, बदललेली पकड तेवढी कायम राखायची, आणि चेंडू कुठे मारायचा व कोणत्या क्लबने मारायचा हे निर्णय बदलायचे. साताऱ्यात बसून करता येण्यासारखे काम यात सर्वांत जास्त होते, आणि माझ्या मते निर्णायक मुद्दा तोच होता.

केलेली कृती

पहिले काम अंतरे मोजण्याचे. योगायोगाने फेब्रुवारीत आबांच्या शेतातला ऊस तुटून गेला होता, खोडवा ठेवायचा नव्हता आणि रान खोल नांगरून तापायला टाकले होते. नांगरलेल्या रानात चेंडू पडतो तिथेच रुततो, घरंगळत नाही. म्हणजे हवेतून तो नेमका किती गेला ते फीत टाकून मोजता येते. महागड्या यंत्राने जे कळले असते ते आम्हाला नांगरटीने सांगितले. सहा क्लब, प्रत्येकी वीस चेंडू, दोन सकाळी, आणि चेंडू पडेल तिथे वेताची काठी रोवायला शेजारचा एक मुलगा. सात नंबरचा मध्यक 131 यार्ड निघाला. वीसपैकी सर्वांत लांब चेंडू 152 गेला होता. आठ वर्षे आबा आपल्या सर्वोत्तम फटक्याला आपले अंतर समजत होते आणि त्याच आधारावर क्लब निवडत होते. 118 पैकी 79 चेंडू आखूड पडण्याचे कारण त्या रानात काठ्यांच्या रांगेने डोळ्यांसमोर उभे राहिले. आबा बराच वेळ त्या काठ्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हा पोरगा दोन वर्षं खरं बोलत होता." ते कॅडीबद्दल बोलत होते.

त्याच मोजणीत पाच नंबरचा मध्यक 141 आला, म्हणजे सातपेक्षा केवळ दहा यार्ड जास्त, आणि पसारा दुप्पट. पिशवीत 14 क्लबांची मर्यादा असताना असा क्लब बाळगणे व्यर्थ होते. तो काढून तिथे हायब्रिड (लांब अंतरासाठीचा, मारायला सोपा क्लब) आला, ज्याचा मध्यक 158 होता आणि कडक जमिनीवर घरंगळून तो 170 च्या आसपास जात असे.

दुसरे काम त्या चार होलचे, आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत अवघड निर्णय हाच ठरला. हे चारही पार चारचे होल होते आणि दहा फेऱ्यांत त्यांवर आबांची सरासरी 6.6 होती. गणित सोपे होते. 380 यार्डांच्या होलला टीवरून हायब्रिडने 170, पुन्हा तसाच एक, मग लहान पिच (चेंडू उंच उचलून ग्रीनवर टाकणारा फटका) आणि दोन पट, म्हणजे पाच. एखादी चूक झाली तर सहा. 24 च्या सवलतीत आबांना या होलवर एक किंवा दोन जादा फटके मिळतच होते, म्हणजे त्यांचा स्वतःचा पार पाच किंवा सहा होता. तरीही पहिल्या फेरीत हे टिकले नाही. तिसऱ्या टीवर त्यांनी हायब्रिड हातात घेतले तेव्हा बरोबरचे एक गृहस्थ सहज म्हणाले, "साताऱ्याहून एवढ्या लांब येऊन ड्रायव्हर काढणार नाही होय?" आबांनी क्लब बदलला आणि चेंडू भिंतीपलीकडे गेला. नियमाप्रमाणे पुन्हा टीवरून तिसरा फटका मारावा लागला, तोही झाडीत गेला, आणि होल नऊवर संपला.

परतीच्या वाटेवर खंबाटकी उतरेपर्यंत ते गप्प होते. त्या रात्री आम्ही निर्णयाची जागा बदलली. टीवर उभे राहून क्लब निवडायचा नाही. साताऱ्यातून निघण्याआधी, आदल्या रात्री, घरच्या टेबलावर बसून कार्डावर चार होलपुढे पेन्सिलीने 'ह' लिहायचे आणि टीवर फक्त ते वाचायचे. कारखान्यात ऑपरेटर ड्रॉइंग पाहून काम करतो, यंत्रापुढे उभा राहून माप ठरवत नाही, हा दाखला आबांचाच. पुढच्या दहा-बारा फेऱ्यांत फक्त दोनदा हे मोडले गेले.

तिसरे काम ग्रीनजवळचे. शेतातली चार गुंठ्यांची एक लांब पट्टी, 33 फूट रुंद आणि 132 फूट लांब म्हणजे 44 यार्ड, सपाट करून तिच्यावर हरळी वाढवायचे ठरले. गोल्फच्या मैदानांवरची बर्म्युडा जातीची गवते ही आपल्या हरळीचीच भावंडे आहेत. पण साताऱ्याच्या शेतकऱ्यापुढे हरळी वाढवतो म्हणणे सोपे नसते. थोरले बंधू बांधावर उभे राहून म्हणाले, "आयुष्यभर खुरपून काढली ती हरळी, अन् तू तिला पाणी पाजतोस?" त्यांचा राग समजण्यासारखा होता, ती शेजारच्या सरीत शिरू नये म्हणून पट्टीभोवती दीड फूट खोल चर खणून दिला तेव्हा कुठे ते राजी झाले. या पट्टीवर आबा आठवड्यातून तीन संध्याकाळी, चाळीस मिनिटे, कधीच जास्त नाही, चिप मारत. चेंडू कुठे थांबतो यापेक्षा तो पहिल्यांदा कुठे टेकतो याकडे लक्ष राहावे म्हणून जमिनीवर गोणपाट अंथरलेले असे. पूर्वी ते सर्व चिप 56 अंशांच्या वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) मारत. आता मध्ये अडथळा नसेल तर नऊ नंबर, चेंडू लवकर जमिनीवर आणि मग घरंगळत. त्याने फटका थोडा चुकला तरी चेंडू ग्रीनवर राहू लागला.

पटिंगचे काम त्या पट्टीवर होणे शक्य नव्हते, कारण कितीही कापली तरी शेतातल्या हरळीला ग्रीनचा वेग येत नाही. घरी हॉलमध्ये फेल्टच्या पट्टीवर पाच फुटांचे पट रोज पंधरा मिनिटे. होलचा व्यास 108 मिलिमीटर आणि चेंडूचा 42.67, पाच फुटांवरून चुकायला फारशी जागा नाही असे वाटते, पण आठ फुटांवरून जगातले व्यावसायिक खेळाडूही जेमतेम निम्मे पट घालतात, हे कळल्यावर आबांचा चुकलेल्या पटांवरचा राग पुष्कळ ओसरला आणि तो फायदा मला सरावाइतकाच मोठा वाटतो. लांब पटांसाठी मैदानावर चाळीस मिनिटे आधी पोहोचायचे ठरले. त्या वेळात होल नाहीच, फक्त दहा, वीस आणि तीस पावलांवरून चेंडू ठरलेल्या टप्प्यात थांबवायचा. तीन पट लागतात ते दिशा चुकल्यामुळे नव्हे, पहिला पट दोन पावले आखूड किंवा लांब राहिल्यामुळे लागतात, हे वहीवरून दिसत होते. बर्म्युडा ग्रीनवर गवताची पाती ज्या दिशेला झुकलेली असतात त्या दिशेला चेंडू जास्त धावतो. समोरून पाहताना ग्रीन चकाकत असेल तर पाती आपल्यापासून दूर झुकलेली, काळपट दिसत असेल तर आपल्याकडे. हे वाचन त्यांना त्याच कॅडीने शिकवले. या वेळी त्यांनी ऐकले.

पावसाळ्यात मैदान बंदच होते. अजिंक्यताऱ्याची चढण, कंबर आणि खांद्यांचे व्यायाम आणि हॉलमधले पट, एवढेच चालू राहिले. शेडमधली जाळी उतरवून टाकली.

निकाल

तुलना न्याय्य व्हावी म्हणून पुन्हा तेच महिने घेतले. ऑक्टोबरमध्ये पावसानंतरचे गवत जड असते, मार्चनंतर जमीन कडक होऊन चेंडू कितीतरी जास्त पळतो. वेगळ्या ऋतूंतील फेऱ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या असत्या तर हवामानाचे श्रेय आबांना मिळाले असते. ऑक्टोबर 2023 ते फेब्रुवारी 2024 या काळातील दहा फेऱ्यांची सरासरी 92.5 आली. चार अवघड होलवरची सरासरी 6.6 वरून 5.8 वर उतरली, म्हणजे फेरीमागे तीन फटक्यांहून अधिक बचत एकट्या त्या निर्णयातून झाली. पट 37 वरून 34 च्या किंचित वर आले. उरलेला एखादा फटका ग्रीनजवळच्या चिपमधून वाचला. आखूड पडणाऱ्या फटक्यांचे प्रमाण दोन तृतीयांशांवरून निम्म्यावर आले. ते अजूनही जास्त आहे, कारण ग्रीनमागे उतार दिसला की हात आजही कमी अंतराच्या क्लबकडे जातो.

इंडेक्स 17.4 झाला आणि त्याच रेटिंगच्या मैदानावर सवलत 24 वरून 18 वर आली, म्हणजे आता प्रत्येक होलला नेमका एक जादा फटका. दहापैकी दोन फेऱ्या नव्वदच्या आत गेल्या, 88 आणि 89. दुसऱ्या बाजूला जानेवारीतील एका निमंत्रित स्पर्धेत, ग्राहक कंपनीचे वरिष्ठ अधिकारी बरोबर असताना, कार्डावरच्या पेन्सिलीच्या खुणा असूनही दोनदा ड्रायव्हर निघाला आणि 101 झाले. ती फेरीही सरासरीत धरली आहे. ड्रायव्हरचा चेंडू आजही उजवीकडे वळतो, पूर्वीपेक्षा थोडा कमी.

मी दरवेळी वही घेऊन बरोबर चालत होतो. कोणी पाहत आहे या जाणिवेने माणूस जपून खेळतो, आणि त्याचा परिणाम या आकड्यांतून वेगळा काढण्याचा मार्ग माझ्याकडे नाही. मात्र दोन्ही वर्षी मी सारखाच बरोबर होतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक क्रमाची होती. मोजणी जानेवारी 2022 मध्ये, प्रशिक्षकाकडे जाण्याआधी व्हायला हवी होती. वही हातात असती तर पहिल्याच तासात प्रशिक्षकांशी वेगळे बोलणे झाले असते. "माझा ड्रायव्हर सुधारा" याऐवजी "या चार होलवर मी काय करू" असे विचारता आले असते, आणि कोपराचे सात आठवडे व एक अख्खा हंगाम वाचला असता. प्रशिक्षकाला पूर्णपणे सोडून देणे हीदेखील माझ्या मते चूकच झाली. तीन-चार महिन्यांतून एकदा, पकड पुन्हा जुन्या जागी तर सरकत नाही ना, एवढे पाहायला जायला हवे होते. डिसेंबरमध्ये काढलेल्या छायाचित्रात ती थोडी सरकलेली दिसते.

कॅडीचे प्रकरण मला अधिक सलते. सहा नंबर घ्या, हे जो माणूस सांगत होता तो आठवड्यातून पाच-सहा दिवस त्याच मैदानावर चालतो, शेकडो खेळाडूंचे चेंडू कुठे पडतात ते पाहतो आणि आबांचा प्रत्येक फटका त्याने पाहिला होता. आम्ही दोन सकाळी नांगरटीत घालवून जे सिद्ध केले ते त्याला ठाऊक होते. पहिल्याच दिवशी त्याला चहा पाजून, साहेब म्हणून मान डोलावण्याऐवजी स्पष्ट सांग, असे म्हटले असते तर वहीचा एक रकाना तरी आधीच भरलेला मिळाला असता. आता आबा प्रत्येक फेरीनंतर त्याला तीन प्रश्न विचारतात आणि उत्तरे वहीत त्याच्याच शब्दांत लिहितात.

स्पर्धेतील घसरणीवर आमच्याकडे अजून उपाय नाही. आदल्या रात्री लिहिलेली खूण मित्रांसमोर टिकते, वरिष्ठ ग्राहकांसमोर टिकत नाही. त्या दिवशी ड्रायव्हर गाडीतच ठेवून जायचा, असे आबा म्हणतात. मला ते टोकाचे वाटते, कारण मोकळ्या दहा होलवर तो उपयोगी आहे. येत्या हंगामातील पहिल्या स्पर्धेत एकदा तसे करून पाहायचे आणि वहीत नोंद करायची, एवढ्यावर आमचे एकमत झाले आहे.

हरळीच्या पट्टीचा प्रश्नही उभा आहे. जुलैत आडसाली लागण करायची म्हणून थोरल्या बंधूंनी ते चार गुंठे परत मागितले आहेत. आबांनी वहीतून तीस यार्डांच्या आतल्या चिपच्या नोंदी काढून त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि बंधूंनी त्या शांतपणे वाचून विचारले की बावीस यार्डांपलीकडचा सराव यात कुठे दिसत नाही, मग चार गुंठे कशाला. हिशेब बरोबर आहे. दोन गुंठे उसाला जातील आणि दोन राहतील.